कुबडी कुठं ठेवायची

घाटंजी सोडल्यावर डांबर संपतं.
तिथून पुढं जीपवाल्यानं मला शाळेच्या व्हरांड्यात आणून टाकलं,
रंगपेटी, दोन ब्रश,
आणि पुण्यातच काढून आणलेली पाच चित्रं.
गाव पाहायचं होतं अजून, काढून मात्र झालं होतं:
भेगाळ जमीन, रिकामी घागर,
आभाळाकडे बघणारं एक पोर.
नाव तेवढं ठरायचं होतं त्याचं.

मुलांनी चित्रं हातोहात फिरवली,
परक्या लग्नाचा अल्बम बघतात तशी,
शिस्तीत, ओळखीचं कोणी न सापडता.
मग संबोधी वाघधरे म्हणाली,
"मॅडम, हे पोट्टं काहून वरतं पाहून राह्यलं?
इमान जाऊन राह्यलं का?"
वर्ग हसला.
मीही हसले, जरा उशिरा.

मग तुमच्या पुस्तकात काय हवं?
विचारलं आणि कान किटले.
नाल्यातले खेकडे. सायकलनं फुटलेलं ढोपर.
गुलाबच्या दुकानातला फ्रिज, ज्यात थंड काहीच नसतं.
"अन् कोतवालाचा कुत्रा, लय हरामी हाय तो!"
नयनदीप उभा राहिला, सर रागावतील या बेतानं:
"एक तरी शायनं पोट्टं आमच्यावानी बोलू द्या.
टीव्हीत आमच्यावानी बोलते तो
एकतर चहा आनून देते,
नाहीतर धडपडते."

संबोधीचा डावा पाय गुडघ्याखाली बारीक.
मी तिला काढायला घेतलं:
काखेत कुबडी, नजर दूर, मागं संध्याकाळ.
तिनं कागद ओढला.
"कुबडी इथं नसते."
मग कुठं?
तिनं मैदानाकडं बोट केलं.
दुपारच्या सुट्टीत कुबडी मातीत रोवलेली असते,
तिच्यापुढं बॅट घेऊन कोणीतरी.
"तवा ते स्टंप अस्ते."
आणि तू?
"मी अंपायर. आउट बोटानं देतो मी,
त्याले पाय कायले लागते?"

संपादकांचं उत्तर आलं.
चित्र छान. पण कुबडी मुलीच्या हाती दिली तर
विषय पोचेल.
आणि 'काहून'चं 'का' केलं, तर सर्वांना कळेल.
'सर्वांना' या शब्दाभोवती मी पेन्सिलीनं गोल काढला
आणि बराच वेळ बघत बसले,
आत कोण कोण मावतंय.
भांडण पावसाळाभर चाललं.
स्टंप राहिला. काहून राहिला, तळटीपेशिवाय.
खेकडे गेले,
पानं कमी पडली म्हणून. त्याला मी हो म्हटलं.

दिवाळीनंतर पुस्तकं घेऊन गेले.
संबोधीनं थुंकी लावून पानं उलटली, थांबली.
खूप वेळ थांबली.
"हे मी नोहोय."
माझ्या पोटात खड्डा.
"माही चप्पल पिवळी हाय. हे निळी कोनाची व्हय?"
आणि तेच पान घेऊन ती शाळाभर फिरली,
भिंतीला, खिडकीला, मग मुलांच्या खांद्याला धरत,
चपलेची चूक दाखवत.

पोडावरचा इंदल आत्राम
त्या पहिल्या दिवशी मागच्या रांगेत होता. घरी कोलामी,
शाळेत बहुतेक काहीच नाही.
मी त्याला सीमारेषेवर उभा केला होता, तोंड मिटून.
काय बोलेल ते मला माहीत नव्हतं.
त्यानं माझाच पेन मागितला,
ओठापासून एक फुगा काढला,
आत तीन शब्द लिहिले.
काय लिहिलंस रे?
त्यानं बहिणीकडं पाहिलं. तिनं वाचलं,
आणि दोघं हसत सुटली,
हसता हसता बाकावरून खाली.
"नाही सांगत."

माझ्या घरी जी प्रत आहे,
तिच्यात त्याचं तोंड अजून मिटलेलंच आहे.